राघूचं ठिगळ

मुरुडमध्ये कुणाच्या घरी बाळंतपण जवळ आलं की दोन बायकांना निरोप जायचा. एक सुईण, दुसरी नीलम्मा. सुईण आपलं काम आटपून, हात धुऊन, चहा पिऊन घरी जायची. नीलम्माचं काम तिथून पुढं सुरू व्हायचं. बाळाचं तोंड बघायच्या आधी ती घरातली लुगडी बघायची.

"काढा बरं सगळी," असं म्हणून ती मधोमध फतकल मारायची. मग घरातल्या बायका आपापली जुनी लुगडी तिच्यापुढं आणून टाकायच्या आणि चोरीचा माल सापडल्यासारख्या गप्प उभ्या राहायच्या. नीलम्मा एकेक लुगडं गालाला घासायची, पदर दातात धरून ओढायची, उजेडात धरून विरलं कुठं ते बघायची. शेवटची परीक्षा कठीण होती. निवडलेल्या लुगड्याची झोळी आढ्याला टांगायची आणि नीलम्मा स्वतः त्यात बसायची. नीलम्मा म्हणजे ज्वारीचं गच्च भरलेलं पोतं. तिला पेलणाऱ्या झोळीत पुढं हत्तीचं पिल्लू घातलं असतं तरी चिंता नव्हती.

तिची मतं पक्की होती. नवं कापड चावतं. नायलॉन घसरतं, आणि उन्हाळ्यात लेकराला वांग्यासारखं भाजून काढतं. पाठीवर बांधायची गाठ खांद्याच्या खाली यावी, मणक्यावर येऊ नये. आणि एकाहून जास्त लेकरं असलेल्या बाईला तर ती वेगळी बाजूला घेऊन बसायची. "पयलं लेकरू बाई कशातबी बांधते," ती सांगायची. "दुसरं झालं की कळतंय, लुगडं आखूड हाय. तिसरं झालं की कळतंय, लुगडं बरोबर हाय, बाईच आखूड हाय." मग ती उठून दाखवायची: धाकटं पाठीवर, मधलं त्याच लुगड्याच्या उरलेल्या टोकात कंबरेवर, आणि मोठ्याच्या हातात पदर. चौथ्याला मोठ्याच्या हवाली करायचं. पाचवं झालं तर? "पाचव्याच्या आधी नवऱ्याला हवाली करायचं कुणाच्या तरी," असं म्हणून ती एवढ्यानं हसायची की झोळीतलं लेकरू दचकून उठायचं. तिला स्वतःला पाच होती. तिचा नवरा मडिवाळप्पा ओसरीवर बसून हे ऐकायचा आणि पान लावण्यात फार गुंतल्याचं दाखवायचा.

पण लोक नीलम्माला बोलवायचे ते नुसत्या मतांसाठी नाही. तिच्याकडं लुगडं होतं.

ते तिच्या आईचं, निलंग्याच्या अव्वाचं. हिरवं इरकल, धुऊन धुऊन चाफ्याच्या पानासारखं फिकं झालेलं. आमच्याकडं रीत अशी, की जिची सगळी लेकरं जगली तिच्या जुन्या लुगड्यात नवं लेकरू घालायचं. अव्वाची आठ झाली, आठही जगली. त्या काळात ही गोष्ट गावात तालेवारीसारखी सांगितली जायची. त्या लुगड्याला एकदा उंदरानं भोक पाडलं, तर अव्वानं आपल्या लाल खणाचा तुकडा वर शिवला. अव्वाला सरळ शिवण कधी आली नाही. ठिगळ एका बाजूला फुगलं, दुसऱ्या बाजूला त्याला टोक आलं, आणि सगळ्या नातवंडांनी ठरवून टाकलं की हा राघू आहे आणि टोक म्हणजे त्याची चोच. मरायच्या आधी अव्वानं लुगडं नीलम्माच्या ओटीत घातलं. म्हणाली, "तुझ्या लेकरांना वापर. पण मल्लीच्या पहिल्या लेकराला ह्यातच घालायचं. मला नातीचं बघायला मिळणार न्हाई, माझ्या राघूला तरी बघू दे." मल्लम्मा ही नीलम्माची थोरली. तेव्हा ती परकराची नाडी दातानं सोडायच्या वयाची होती. पण शब्द दिला तो दिला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, जनावरं गेली, आणि मुरुडच्या बाहेर रस्त्याचं सरकारी काम निघालं. जे कधी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते तेही हातोडी घेऊन खडी फोडायला बसले. नीलम्माला तेव्हा चार होती. थोरली दोन घरी ठेवून, तिसरं कंबरेला आणि चौथं पाठीला, अशी ती अव्वाच्या एकाच लुगड्यात दोन लेकरं बांधून खडी फोडायची. मुकादम म्हणायचा, "नीलम्मा, हजेरी एकीची लावू का तिघांची?" ती म्हणायची, "तिघांची लाव. धाकटं तुझ्यापरीस जास्त काम करतंय."

शेजारी सरजाबाई बसायची. माहेर मुरुडचंच, नीलम्माच्या भिंतीला भिंत. दिलेली उमरीला, नांदेडकडं. दोन लेकरं सासरी होऊन गेली होती, एकही वर्षाचं झालं नव्हतं. म्हणून तिसऱ्याला ती माहेरी आली, आणि दुष्काळानं तिला तिथंच खडीवर बसवलं. तेही लेकरू सव्वा महिन्यात मलूल पडलं. बाभळीखाली निजायचं, रडायचंसुद्धा नाही. सरजाबाई दगडावर हातोडी मारायची आणि दर घावाला मान वळवून बाभळीकडं बघायची.

एके दुपारी नीलम्मा उठली, पाठीवरची गाठ सोडली, दोन्ही लेकरं खाली उतरवली आणि लुगडं सरजाबाईच्या मांडीवर टाकलं.

"घे. ह्यात अव्वाची आठ जगली, माझी चार जगली. तुझं न जगून जातंय कुठं?"

"आन् तुझी दोघं गं, नीलाक्का?"

"ती बारदानात बसतील. त्यांना काय नवरदेव म्हणून मिरवायचंय? पण एक ध्यानात ठेव, सरजे. पोरगं चालायला लागलं की परत. मल्लीच्या लेकराला पायजे ते."

"तुझी शपथ, नीलाक्का. माझ्या लेकराची शपथ."

सगळा उन्हाळा नीलम्माची दोन लेकरं तांबड्या ज्वारीच्या बारदानात बांधलेली होती. त्यांच्या मांड्यांवर पुरळ उठलं. ती खाजवायची आणि नीलम्मा त्यांना समजवायची की हे राजाचं वाहन आहे. सरजाबाईचं पोरगं मात्र राघूच्या झोळीत बाळसं धरू लागलं. रडू लागलं. मग तर इतकं रडू लागलं की मुकादमानं त्याला दुसऱ्या बाभळीखाली हलवायला सांगितलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, पोरगं चालायला लागलं आणि सरजाबाईनं शब्द पाळला. लुगडं परत आलं. उसनी झोळी रिकामी परत करायची नाही, तिच्यात नारळ, खण, साखर घालून गाठ मारून द्यायची, आणि घेणारीनं ती गाठ देणारीच्या देखत सोडायची नाही, अशी आमच्याकडची पद्धत. सोडली तर तो अविश्वास होतो. सरजाबाई उमरीला जायच्या दिवशी गाठोडं देऊन, गळ्यात पडून रडून गेली. जाताना म्हणाली, "डाग लई पडले व्हते गं. शिवमूर्ती रंगाऱ्याकडून गर्द रंगवून आणलंय. पण त्याच्या उकळत्या रंगात तुझा राघू सुटून गेला. मी दुसरं ठिगळ लावलंय."

नीलम्मानं नंतर गाठ सोडली. आत काथाच्या रंगाचं लुगडं. भोकावर चौकोनी ठिगळ, टाके ओळीत. ती राघूसाठी रडली आणि सरजाबाईसाठी हळहळली, की दुष्काळाच्या वर्षात बिचारीनं रंगवून दिलं. राग निघाला तो सगळा शिवमूर्तीवर. मुरुडमधला तो एकुलता रंगारी, मान खाली घालून काम करणारा. नीलम्मानं त्याला पुन्हा कधी चिंधीसुद्धा दिली नाही. शिवाय पाण्यावर, दळणाला, लग्नात, जिथं बायका भेटतील तिथं सांगितलं, "त्याच्याकडं देऊ नका बाई. त्यानं माझ्या अव्वाचा राघू शिजवून खाल्ला." शिवमूर्ती समोरून आला की ती तोंड फिरवायची. तो बिचारा स्वतःचे निळे हात बघत उभा राहायचा.

त्या काथरंगी लुगड्यात नीलम्माचं पाचवं वाढलं. मग लुगडं गावात फिरू लागलं. माझी दोन्ही मुलं त्यात झोपली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पंचशीलाबाई तिसऱ्या लेकराच्या वेळी नवीकोरी नायलॉनची साडी घेऊन झोळी बांधून घ्यायला आल्या.

"मास्तरीणबाई," नीलम्मा म्हणाली, "ह्यात लेकरू घातलं तर ते घसरून थेट पुढच्या वर्गात जाईल."

"मग तुमचं ते द्या. पण नीलाक्का, आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कापड मऊ आहे म्हणून नेते."

"हाव. सगळ्याच मऊ हाय म्हणून नेतात."

पंचशीलाबाईंनी ते आठ महिने परत केलं नाही. विश्वास नसताना.

सरजाबाई वर्षाआड माहेरी यायची. यायची ती नीलम्माच्या घरी आधी, मग स्वतःच्या. तिला त्यानंतर आणखी झाली, सगळी जगली. नीलम्मा अभिमानानं सांगायची, "माझ्या लुगड्यानं हिची वाट मोकळी केली." सरजाबाई मान हलवायची. उमरीला ये असं मात्र तिच्या तोंडून कधी आलं नाही. नीलम्माला वाटायचं, गरिबीची लाज वाटत असेल.

मग लातूर जिल्हा झाला. मुरुड कालपर्यंत उस्मानाबादेत होतं ते लातुरात आलं, आणि या प्रवासात गावातली एक वीटही हलली नाही, तरी मडिवाळप्पाला दम लागला. तो घरोघर सांगत फिरला, "आता आपण लातूरवाले. आता सगळं दारात येणार." नीलम्मानं विचारलं, "पाणी येणार का?" तो म्हणाला, "पाण्याचं हापिस येणार." त्याच वर्षी मल्लम्माला दिवस गेले. उदगीरच्या सासरहून सातव्या महिन्यात ती माहेरी आली आणि नीलम्मानं काथरंगी लुगडं उन्हात घातलं. अव्वाचा शब्द आता पुरा होणार होता.

तेवढ्यात मडिवाळप्पाच्या चुलतभावाकडं मुदखेडला लग्न निघालं. नवराबायको गेले. मुदखेडहून उमरी रेल्वेनं जवळ. नीलम्मा म्हणाली, "मी सरजीला भेटून येते. न सांगता जाते, दचकू दे तिला." बरोबर लग्नातले बुंदीचे लाडू घेतले.

सरजाबाईच्या घराचं दार उघडं होतं. दाराला लागूनच्या ढाळजेत कुणी नव्हतं. आढ्याला झोळी टांगलेली, झोळीत सरजाबाईचं चार-सहा महिन्यांचं धाकटं गाढ झोपलेलं. झोळी हिरवी होती. चाफ्याच्या पानासारखी फिकी. आणि लेकराच्या पायाकडं, चोच वर करून, राघू बसला होता.

नीलम्मा मला म्हणाली, पहिल्यांदा तिला आनंदच झाला. "अगं, सापडला की!" असं ती मोठ्यानं बोललीसुद्धा. तिनं राघूवरून हात फिरवला. अव्वाचे वाकडे टाके बोटाला लागले. आणि मग ते टाके मोजावेत तसं एकेक करून सगळं तिच्या ध्यानात आलं.

मागच्या दारानं सरजाबाई घागर घेऊन आली. तिला बघून घागर खाली ठेवायचंही विसरली.

"नीलाक्का? आधी कळवायचं की गं!"

"कळवलं असतं तर काय केलं असतंस? राघूला खुराड्यात घातलं असतंस?"

सरजाबाई काखेतल्या घागरीकडं बघू लागली.

"मग माझ्याकडं हाय ते कुणाचं?"

"माझ्या सासूचं."

"कोणतं सासूचं? सरजे, वर बघ. ज्यात तुझी पयली..."

"हाव," सरजाबाई म्हणाली. "दोघंबी त्यातच व्हती."

नीलम्मा खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं बसताना जमीन बघितली नाही.

"आन् ते तू रंगवून माझ्या घरात आणून टाकलंस? वर नारळ घालून? माझं पाचवं त्यात निजवलं मी!"

"तुझ्या पाचव्याला काय व्हणार व्हतं, नीलाक्का?" सरजाबाईनं घागर आता ठेवली. तिचा आवाज चढला. "तुझी बारदानात जगली! मी डोळ्यानं बघितलंय. तुझी कशातबी जगतात. माझं एकच जगलं व्हतं आन् ते ह्याच्यात. हे द्यायला माझा हात उचलला न्हाई."

"माझी बारदानात का व्हती, सरजे? कुणासाठी व्हती?"

"माझ्यासाठीच व्हती. म्हणून तर मला दिसलं."

मुरुडमध्ये नीलम्माच्या तोंडाला लागून कुणी सुखरूप परत गेलेलं नाही. पण तिनं आपल्या लेकरांच्या अंगावर उठवून घेतलेलं पुरळ कुणी तिच्याविरुद्धच साक्षीला उभं करील, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"मागायचं व्हतंस," ती शेवटी म्हणाली. "मी न्हाई म्हणले असते का?"

"हाव. म्हणली असतीस. मल्लीला पायजे म्हणली असतीस."

नीलम्मा मला म्हणाली, "खरं बोलली रांड. मी न्हाईच म्हणले असते. त्याचाच जास्त राग आला."

ती उठली आणि आढ्याच्या गाठीला हात घातला. सरजाबाई जागची हलली नाही. म्हणाली, "ने. तुझंच हाय. पण त्याला तू काढ. माझा हात लावणार न्हाई मी." ती नीलम्माला पुरती ओळखून होती. झोपलेल्या लेकराखालून झोळी सोडायची नाही, हा नियम मुरुडच्या प्रत्येक घरात नीलम्मानंच बजावलेला होता. नीलम्मा गाठ धरून उभी राहिली. लेकरू उठायची वाट बघत राहिली. जागं असतं तर हिसकावून नेलं असतं, असं ती आजही छातीवर हात ठेवून सांगते. पण ते लेकरू आईवर गेलेलं. पक्कं. तोंड उघडं टाकून घोरत होतं.

परतीच्या गाडीची वेळ झाली. मग नीलम्मानं काय करावं? वाकली आणि दातानं राघूचे टाके उसवायला लागली. एकेक टाका, झोळीला हिसका न बसू देता. राघू सुटला. उंदराचं भोक उघडं पडलं, त्यातून लेकराची टाच दिसू लागली. राघू कंबरेच्या पिशवीत घालून ती निघाली. सरजाबाई दारापर्यंत आली. "नीलाक्का, पाणी तर पी." नीलम्मा वळली नाही. लाडू मात्र सवयीनं तिथंच ठेवून आली, याचा तिला स्टेशनवर पुन्हा वेगळा राग आला.

मल्लम्माला मुलगी झाली. उदगीरहून सासरच्यांनी लोखंडी पाळणा पाठवला होता, खुळखुळे लावलेला. नीलम्मानं पहिल्यांदाच पाळण्याची तारीफ सुरू केली. "आजकाल पाळणाच बरा. हवा लागते." घरात जमलेल्या बायकांना वाटलं, हिला ताप आलाय.

"हे हो काय नीलाक्का?" पंचशीलाबाई म्हणाल्या. "आमची सगळ्यांची त्या झोळीत घातलीत आणि स्वतःच्या नातीला लोखंडात? माझा विश्वास नाही, पण आमचा धाकटा गोवरातून उठला तो त्या झोळीतच. काढा लुगडं."

नीलम्मानं त्या बायकांकडं बघितलं. अर्ध्या मुरुडची लेकरं त्या लुगड्यात वाढलेली. ती कुठल्या कापडात निजली होती, हे त्या आयांना सांगायचं? उद्या कुणाच्या पोराला साधी ठेच लागली तरी ती आई काय म्हणेल? सरजाबाईनं तिला एकदा फसवलं होतं. आता तेच फसवणं तिला रोज, स्वतःच्या हातानं, पुढं चालवायचं होतं. सरजाबाई उमरीला मोकळी बसली होती.

तिनं लुगडं काढलं. चौकोनी ठिगळाच्या जागी राघू शिवलेला होता. मल्लम्मा बाजेवरून ओरडली, "अव्वा! आज्जीचा राघू! कुठं सापडला गं?"

सगळ्या बायका बघायला लागल्या. नीलम्माच्या तोंडून पटकन निघून गेलं, "शिवमूर्तीकडं."

झालं. दिवस मावळायच्या आत गावात पसरलं, की रंगाऱ्यानं दहा वर्षं राघू दडवून ठेवला होता. शिवमूर्तीनं देवाची शपथ घेतली. कुणी ऐकेना. ज्या दोन-चार घरांतून त्याला काम मिळत होतं तेही थांबलं. नीलम्माला खरं सांगता येईना आणि खोटं गिळवेना. मग तिनं स्वतःच्या घरातले कपडे त्याच्याकडं रंगवायला पाठवायला सुरुवात केली. आधी लुगडी, मग चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, शेवटी मडिवाळप्पाची धोतरं. मडिवाळप्पा काथरंगी धोतर नेसून बाजारात गेला तेव्हा लोकांनी विचारलं, "अप्पा, संन्यास घेतला का?" तो म्हणाला, "न्हाई. लातूर जिल्हा झालाय ना." त्यालाही कारण माहीत नव्हतं.

आणि मल्लम्माची मुलगी त्या झोळीत असेपर्यंत नीलम्मा झोळीपासून हलली नाही. पाच लेकरं वाढवताना जिनं मागं वळून बघितलं नव्हतं, ती दर श्वासाला वाकून बघायची. मल्लम्मा हसायची, "अव्वा, किती गं माया!" नीलम्मा झोका देत राहायची. ती मुलगी आता लातुरात कॉलेजात शिकवते आणि तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो.

आता ती सगळी लेकरं मिशा फुटून, केस पिकून मोकळी झाली, म्हणून नीलम्मानं मला हे सांगितलं आणि लिही म्हणाली. शिवमूर्ती गेला, त्याचं नाव तरी धुऊन निघू दे म्हणाली. सरजाबाई त्यानंतर मुरुडला कधी आली नाही. नीलम्मानंही तिचं नाव काढलं नाही. मध्यंतरी मुदखेडच्या चुलतदिराची सून आली होती. तिनं सहज सांगितलं, की उमरीच्या त्या घरात अजून ती हिरवी झोळी आहे. सरजाबाईची नातवंडं तिच्यात झोपतात. भोकावर सरजाबाईनं लाल ठिगळ लावलंय आणि तिथली पोरं त्याला राघू म्हणतात.

नीलम्मा ज्वारी निवडत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"म्हणू दे," ती म्हणाली. "त्याला चोच हाय का तेवढं इचार."